सर्व्हरवाले सर

पंढरपुरात विठोबा भेटतो. बारीला उभं राहिलं की आज ना उद्या नंबर लागतो. सर्व्हरवाल्या सरांचं तसं नाही. कुंकू-बुक्क्याची घाऊक दुकानं, स्टेशन रोडचे लॉज, बेदाण्याच्या अडती, पतसंस्था, जिथे जिथे मागच्या खोलीत जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी एक काळा डबा घरघरत असतो, तिथला खरा मालक हेच सर. गल्ल्यावर बसतो तो नावापुरता. डबा चालू आहे तोवर हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मग लाईट जाते, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली असते, लाईट येते, डबा नव्याने सुरू होतो आणि कुणालाच ओळख देईनासा होतो. मालक तोच पासवर्ड आधी हळू, मग जोरात, शेवटी पांडुरंगाचं नाव घेऊन दाबतात. अखेर फोन जातो, "सर, लॉगिन घेईना." पलीकडून प्रश्न येतो, "हात कुणी लावला?" हा प्रश्न म्हणजे निकालच असतो, आरोपी तेवढा दुकानाने आपसात ठरवायचा.

सर येतात ते खांद्याला सॅक आणि दोन मोबाइल घेऊन. चहा नको म्हणतात, तो येतोच. पासवर्ड टाकायची वेळ आली की ते मान वर करून नुसतं बघतात, आणि ज्यांच्या पैशातून डबा आला ते मालक मुकाट्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहतात. यावरून गावात असा समज आहे की सर भलते बेरकी असून त्यांनी किल्ल्या दाबून ठेवल्या आहेत. मला हे पटत नाही. सरांना सर केलं ते मालकांच्या हिशेबी स्वभावाने.

त्या काळ्या डब्यातच पुरावा आहे. त्यात घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा एक सेल असतो, शंभर रुपयांच्या आतला. तो संपला की लाईट जाऊन आल्यावर डबा काही वर्षं मागच्या तारखेला जागा होतो. सर्व्हरचं आणि काउंटरवरच्या मशीनचं घड्याळ यांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, तर ओळख पटवणारी यंत्रणा बरोबर पासवर्डही नाकारते. चोराने जुनीच परवानगी पुन्हा वापरू नये म्हणून हा नियम आहे. (या पहारेकऱ्याला ग्रीक पाताळाच्या दारावरल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं नाव दिलंय. कुत्रा घरच्यांनाही आत सोडत नाही, एवढं खरं.) सरांना हे पाहताक्षणी कळतं. तारीख दुरुस्त करायची, एकदोन सेवा पुन्हा चालू करायच्या, काम पाच मिनिटांचं. पण पाच मिनिटांचे पैसे देताना मालकाचा हात खिशातच अडकतो. त्याला घाम दिसावा लागतो. मग सर काळी खिडकी उघडतात, पांढरी अक्षरं पळवतात, "अवघड दिसतंय" म्हणतात आणि तासाभराने यश मिळवतात. ज्ञानाला भाव नाही आणि उसाशाला आहे, अशा बाजारात माणूस उसासे टाकायला शिकणारच.

दार एकाच्या मुठीत असावं का, यावर या गावाइतकी झुंज क्वचितच कुठे झाली असेल. विठोबाच्या मंदिराचं दार सर्वांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजी इथे उपोषणाला बसले. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा, आणि त्यावरची कोर्टाची लढाई सर्वोच्च न्यायालयात संपली ती जानेवारी २०१४ मध्ये. एवढं सगळं पाहिलेला व्यापारी आपल्या खातेवहीचं दार मात्र एका माणसाला तोंडी देऊन मोकळा होतो. तुलना अन्यायाची आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे: सरांनी हक्क कधी मागितलाच नाही. "ते तुमच्याकडेच राहू द्या" असं मालकच म्हणाले होते, कारण लिहून घ्यायला वही शोधावी लागली असती.

"पासवर्ड चार जणांना दिला तर चोरी होईल," हा आक्षेप रास्त आहे. पण चौघांना द्या असं म्हणतंय कोण? लिफाफ्यात घालून, सही करून तिजोरीत ठेवला तरी पुरे. "आमचे सर घरच्यासारखे आहेत," हा दुसरा आक्षेप. असतील. पण आषाढीत गाव वाहनांना बंद असतं, आणि घरचा माणूस बॅरिकेडपलीकडे मोटारसायकलवर अडकला की इमानदारीने लॉगिन होत नाही. आणि हे दुखणं पंढरपूरचंच नाही. २०२४ च्या आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी, १९ जुलैला, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं पाडली. उपाय काही तासांत कळला. पण बहुतेक मशीनपाशी माणूस जाऊन बसावा लागला, आणि डिस्कला कुलूप होतं तिथे किल्लीची शोधाशोध झाली. काही ठिकाणी ती किल्ली बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवलेली होती. मोठ्या विमान कंपन्याही त्या दिवशी कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या होत्या.

यात्रा पांगल्यावर मालक कधी कधी शहाणे होतात. लिफाफा ठेवायचं ठरतं, सर स्वतःच गुपचूप सेल बदलून जातात. मग बिल येतं. चष्मा लावून मालक ते वरून खाली वाचतात, मेहनतान्याला हरकत घेत नाहीत, आणि सेलच्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, "सर, हे कशाला लावलं?"