दोन चटयांची वास्तू

चहासंस्कृतीला वाहिलेली समाजवास्तू योजताना आराखड्यात प्रथम वाहनतळ, मग सभागृह, मग देणगीदारांची भिंत येते आणि चहाला उरलेला कोपरा मिळतो. सोळाव्या शतकातील जपानी चहागुरू सेन नो रिक्यू यांची म्हणून ओळखली जाणारी, क्योतोजवळची ‘ताइआन’ ही चहाखोली मात्र अवघ्या २ तातामींची, म्हणजे गवती चटयांची असून, तिचे ‘निजिरिगुची’, म्हणजे रांगत शिरायचे, मीटरभरही उंच नसलेले दार, भल्याभल्यांना वाकायला लावी. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांनी सोन्याची चहाखोली करवून घेतली आणि १५९१ मध्ये रिक्यूंना आत्महत्येचा हुकूम दिला. आजच्या बांधकाम समित्या या दोघांपैकी कोणाच्या वारसदार आहेत, हे त्यांच्या प्रवेशद्वाराच्या उंचीवरून बिनचूक ठरवता येते.