पीएचकाका

टोरांटोतल्या स्कारबरोच्या आमच्या गल्लीत पीएचकाकांचं खरं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते वापरत नाहीत. शर्टाच्या खिशात दोन पेनं असतात. एक लिहायचं, दुसरं पाण्यात बुडवायचं. कोणाकडेही गेलं की आधी पाणी पुढे येतं, आणि पाणी आलं की काका दुसरं पेन काढतात. यजमानीणबाईंना वाटतं, काका काहीतरी टिपून घेणार. तेवढ्यात पेनाचं टोक पेल्यात जातं. आकडा स्थिर होईपर्यंत काका कोणाशी बोलत नाहीत, कोणी बोललं तर हात वर करतात. मग “पीएच सात पॉइंट चार” असं जाहीर करून पेला एका दमात रिकामा करतात. माणसाला पाणी उत्तमच आहे. तक्रार असते ती तळघरातल्या चार झाडांच्या वतीने.

झाडं गांजाची आहेत.

अकोल्याच्या नातेवाइकांना हे कळलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. त्यामुळे काकांनी कायदा एका कागदावर टाइप करून, लॅमिनेट करून झाडांच्या तंबूच्या चेनजवळ टांगला आहे. वर जावक क्रमांकसुद्धा आहे. मजकूर असा, की कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर असून घरी चार झाडं लावता येतात. “घराला चार. माणशी नाही,” हे काका तोंडी जोडतात. क्वेबेक प्रांतात तेवढीही लावता येत नाहीत. तिथल्या सरकारने बंदी घातली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. कागदाच्या शेवटी भारतातला १९८५ चा कायदाही आहे. त्यात लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. ही ओळ काकांनी ठळक केली आहे, कारण अकोल्याहून येणारा प्रत्येक पाहुणा तंबूसमोर उभा राहून पहिल्यांदा “एखादं बी मिळंल का?” असंच विचारतो.

स्वतः काकांनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नाही. शिवरात्रीला भांगेचं भांडं समोर आलं तरी ते उठून दुसऱ्या खोलीत जात. मग हे झाड घरात शिरलं कसं? त्याचा दोष पाण्याकडे जातो.

२०२० च्या टाळेबंदीत काकांच्या मुलाने हौसेनं तंबू, दिवा आणि बिया आणल्या. पानं पिवळी पडली तशी हौसही ओसरली. काका तळघरात कपडे धुवायला गेले होते. त्यांनी पान उलटं करून पाहिलं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.

“पाणी कोणतं टाकून राह्यला रे?”

“आरओचं, बाबा. एकदम शुद्ध.”

“तेच त झालं न. उपाशी मारून राह्यला त्याले.”

आरओतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही निघून जातं, हे काकांनी मुलाला उभ्या उभ्या समजावलं. मुलगा संगणकवाला. तो म्हणाला, “मग तुम्हीच बघा.” हे तीन शब्द त्याला पुढे फार महागात पडले.

काका महाराष्ट्र जीवन प्राधिकरणातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरी बहुतेक खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा असा, की विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर तोंड धुवायला दुसरं पाणी शोधावं लागतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतात. काका म्हणतात, “जगात नाइलाजाले आकडा फक्त आपल्याच खात्यानं देल्ला.” अशा माणसाच्या मीटरवर टोरांटोच्या नळाने दोनशेच्या आसपास आकडा दाखवला, तेव्हा त्यांनी मीटर खराब आहे असं समजून दुसरा मागवला होता.

पण क्षारांचं दुःख वेगळं आणि क्लोरिनचं वेगळं. मुलाने सगळी शेती रासायनिक बाटल्यांवर चालवली होती. काकांनी त्या बाटल्या बंद करून सेंद्रियाचा वसा घेतला. सेंद्रिय म्हणजे मातीतले जिवाणू. झाडाला जेवण तेच शिजवून घालतात. आणि नळाचं पाणी मुळात जिवाणू मारण्यासाठीच तयार केलेलं. काकांची सगळी नोकरी टाक्यांमध्ये क्लोरिनची टीसीएल पावडर टाकण्यात, आणि ती टाकली नाही म्हणून जलसुरक्षकांना मेमो देण्यात गेलेली. “आधी लोकायच्या पाण्यात क्लोरिन टाकलं, आता गांजाच्या पाण्यातून काढून राह्यलो,” असं ते स्वतःच सांगतात. काकूंचं म्हणणं थोडं वेगळं आहे. “लोकायले मेलं उग्र वासाचं पाजलं, अन् गांजाले गाळून पाजून राह्यले!”

क्लोरिन घालवायची जुनी युक्ती म्हणजे पाणी रात्रभर उघडं ठेवायचं. काकांनी तळघरात बादल्यांची रांग लावली. सकाळी अकोल्याहून आणलेल्या, क्लोरिन असला तर पिवळा रंग देणाऱ्या ओटीच्या बाटलीतले थेंब परीक्षानळीत टाकले, नळी खिडकीच्या उजेडाला धरली. पिवळी. दुसऱ्या दिवशी पिवळी. तिसऱ्या दिवशीही पिवळीच. काकांनी ओटीच्या बाटलीवरची मुदत पाहिली, बादल्या बदलल्या, झाकणं तपासली, सुनेने चोरून नळाचं पाणी ओतलं नाही ना याची चौकशी केली. शेवटी शहराचा पाण्याचा वार्षिक अहवाल रात्री जागून वाचला आणि गुन्हेगार सापडला. टोरांटोत क्लोरिनमध्ये अमोनिया मिसळून क्लोरामाइन करतात. ते नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत टिकतं आणि बादलीत ठेवलं म्हणून उडून जात नाही.

“लबाड हायेत लेकाचे,” काका म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणत्या खात्याबद्दल इतक्या आदराने उद्गार काढले नव्हते.

क्लोरामाइनवर उतारा म्हणजे क जीवनसत्त्व. काकांनी औषधाच्या दुकानातून मोठी बाटली आणली आणि खलबत्त्यात गोळ्या कुटायला बसले. चिमूटभर पूड बादलीत, दोनदा ढवळलं, ओटीचे थेंब टाकले. नळीत रंग नाही. काकांनी घरातल्या प्रत्येकाला ती न रंगलेली नळी नेऊन दाखवली. काकूंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, “मले सर्दी झाली तवा लिंबू चोख म्हणे. गांजाले मात्र गोळ्या!” लिंबूही आता मिळत नाही. पीएच खाली आणायला काकांना सेंद्रिय आम्लच लागतं, त्यामुळे फ्रिजमधल्या लिंबांवर चिठ्ठी असते: ‘राखीव’.

सेंद्रिय म्हटल्यावर विदर्भाचा माणूस सुभाष पाळेकरांपाशी येणारच. अमरावती जिल्ह्यातले, पद्मश्री मिळालेले, घरचेच. त्यांच्या जीवामृताला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती लागते. काकांनी सगळ्याला वीसने भागून बादलीचं अंदाजपत्रक केलं. बेसन आणि गूळ भारतीय दुकानात मिळाला. बांध स्कारबरोत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या कुंपणाखालची माती बांधावरची धरण्यात आली. गोमूत्राबाबत पत्रव्यवहार चालू आहे. शेणासाठी मुलाला शहराबाहेरच्या गोठ्यावर गाडी काढावी लागली. तिथल्या गाई काळ्या-पांढऱ्या होल्स्टिन. पाळेकरांना देशी गाय हवी. काकांनी गोठेवाल्याला गाईला वशिंड का नाही, असं विचारलं आणि ‘तात्पुरती मंजुरी’ असा शेरा मारून शेण आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरलं. डब्यावरचं ‘व्हॅनिला’ खोडायचं राहिलं. पुढचं सून सांगते, आम्ही सांगत नाही.

जीवामृताची बादली आता तळघरात जिन्याखाली असते आणि दिवसातून दोनदा नातवाच्या क्रिकेटच्या स्टंपाने ढवळली जाते. नातवाकडे स्टंप दोनच उरले आहेत.

हिवाळा आला की काकांच्या अंगात वेगळाच उत्साह येतो. बर्फ म्हणजे आकाशातून येणारं बिनक्षाराचं पाणी, आणि तेही फुकट. पहिल्या वर्षी त्यांनी पुढच्या दारातला बर्फ पातेलंभर वितळवून त्यात मीटर बुडवला. आकडा चढत चढत हजारांत गेला. काका खुर्चीत बसले. “दर्यापूर!” ते म्हणाले. “थेट आपल्या खारपाणपट्ट्याचं पाणी!” त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात आणि ते अंगणापर्यंत उडतं, हे मुलाने समजावल्यावर ते थोडे हिरमुसले. आता फक्त मागच्या अंगणातला बर्फ घेतात, वरचा थर काढून, लाकडी फावड्याने. पण पुढच्या दारच्या पाण्याची एक बाटली त्यांनी कपाटात जपून ठेवली आहे. गावाकडचं कोणी आलं की ती काढून दाखवतात.

गावाकडच्यांना काका नायगारा दाखवतात, पण नंतर. आधी हॅरिस प्लँट. ऑन्टारियो सरोवराच्या काठावरचं हे जलशुद्धीकरण केंद्र १९४१ साली सुरू झालं. भव्य, आत संगमरवर. ‘शुद्धीकरणाचा राजवाडा’ असंच त्याला लोक म्हणतात. आत नेहमी सोडत नाहीत, म्हणून काका बाहेरच्या हिरवळीवर पाहुण्यांना उभं करून तुरटी कुठे, गाळण कुठे, क्लोरिन कुठे हे हाताने हवेत दाखवतात. त्यानंतर नायगारा पाहून पाहुणे भारावतात आणि काका कठड्याला टेकून म्हणतात, “एवढी आवक, अन् मीटर कुठीच नाही!”

पीक मात्र येतं, आणि उत्तम येतं. काका फुलं सुकवून काचेच्या बरण्यांत भरतात. बरणीवर तारीख, पाण्याचा स्रोत, पीएच, क्षार, सगळं असतं. माल कसा आहे, हे नसतं. तो प्रश्न त्यांना पडलेला नाही. मुलगा आता दूध-हळद घेतो. विकणं बेकायदा. म्हणून एक बरणी शेजारच्या गोऱ्या आजोबांकडे जाते. प्रौढाने प्रौढाला ३० ग्रॅमपर्यंत द्यायला हरकत नाही. काका स्वयंपाकघरातल्या काट्यावर २९ तोलतात, एक ग्रॅम काट्याची चूक धरून. आजोबा एका संध्याकाळी कुंपणापाशी येऊन डोळे मिटून म्हणाले, “व्हेरी स्मूथ.” काकांनी वही उघडली. “स्मूथ म्हणजे नेमकं काय? घशाशी का छातीशी?” आजोबांनी बराच विचार केला, मग ते हसायला लागले आणि हसतच राहिले. काकांनी ‘क्लोरामाइन निरंक’ असं लिहून सही घेतली.

यंदाच्या वसंतात मात्र काकांवर खरा प्रसंग आला. चार झाडं हवीत म्हणून त्यांनी पाच बिया रुजत घातल्या. कारण विचारलं तर म्हणाले, “२० टक्के गळती धराच लागते न भाऊ.” उभ्या नोकरीत त्यांच्या एकाही योजनेची गळती त्याखाली गेली नव्हती. इथे पाचही उगवल्या. काकांच्या आयुष्यातली पहिली शून्य गळतीची योजना, आणि तिनेच त्यांना गुन्हेगार ठरवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. रोप उपटायला हात होईना, ठेवू कायदा देईना. काकूंनी “मी टाकते उपटून, तितं कोथिंबीर लावू” असा तोडगा सुचवला, तो काकांनी कानाआड केला. मग त्यांनी तंबूजवळचा कागद पुन्हा वाचला. घराला चार. घराला.

संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात काका, एका हातात कागदी पेल्यातलं बोटभर रोप, दुसऱ्या हातात वीस लिटरचा कॅन.

“तुमच्या घरचा कोटा रिकामा हाये,” ते म्हणाले. “आजूक फूल नाही धरलं, म्हणून रस्त्यानं आणाले हरकत नाही. पाह्यलं मी कलमात.”

“काका, आम्हाला झाडातलं काही कळत नाही हो.”

“झाडातलं काय कळाचं? पाणी मी आणून दीन.”

बायको दारामागून मान हलवत होती, नकाराची. तोवर रोप चपलांच्या मांडणीवर ठेवलं गेलं होतं आणि काका स्वयंपाकघरात पोहोचले होते. नळ सोडला, पेन बुडवलं, आकडा पाहिला. पुन्हा सोडला. पुन्हा पाहिलं. मग खाली वाकून नळाच्या तोंडाशी डोळा नेला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थेट मेमो देण्याआधीचा आनंद पसरला.

“ही जाळी किती दिसांपासून नाही काढली भाऊ? सारा गाळ अडकून राह्यला इथंसा. अन् हा खालचा व्हॉल्व्ह? ह्यो त गळून राह्यला!”

सिंकखालचं कपाट उघडून काका गुडघ्यांवर बसले. डबे, साबण, पोती बाहेर आली. कमरेपर्यंत आत गेलेल्या काकांना बायकोने रोपाचं काय करायचं, उन्हात ठेवायचं की सावलीत, असं विचारून पाहिलं.

“कोणतं रोप?” आतून आवाज आला. “ते पाहू मंग. पाना हाये का घरात? अर्ध्या इंचाचा?”