यमकाची व्याख्या लिहा

पाच वर्षांची मुले मित्राच्या नावाला यमक जुळवून त्याला दिवसभर रडवतात. हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. मनाचे श्लोक तर ती टाळ्या वाजवत म्हणतात. बारा अक्षरांची ओळ, चार वेळा ‘य’ गण, एकदाही ठेच न लागता. भुजंगप्रयात जिभेवर बसलेले असते, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते.

ही गंभीर त्रुटी शाळेच्या लक्षात येते. मग ‘यमाताराजभानसलगम्’ येते, लघु-गुरूच्या खुणा येतात आणि यमकाची व्याख्या फळ्यावरून वहीत उतरते. ज्या पोराने काल चिडवताना शेजाऱ्याला यमकात गुंडाळले, त्याला आज ‘यमक जुळणारे शब्द लिहा’मध्ये पाचांपैकी दोन गुण मिळतात. बाकीचे तीन शब्द म्हणे पुस्तकात नव्हते.

पुढे दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेचा पंचनामाच होतो: कवी कोण, विषय काय, संदेश कोणता, कविता आवडण्याची किंवा न आवडण्याची कारणे. ‘न आवडण्याची’ हे शब्द छापणाऱ्याच्या धाडसाला सलाम. ते लिहिण्याचे धाडस करणारा विद्यार्थी मात्र क्वचितच सापडेल. आवडण्याची कारणे मार्गदर्शकात तयार मिळतात, सर्व कवींना सारखीच लागू.

आणि संदेश? बडबडगीतालाही तो शोधावाच लागतो.

बाईंनो, गुरुजींनो, एक विनंती. पुढची कविता आधी दोनदा मोठ्याने म्हणा, मुलांकडून म्हणवून घ्या आणि त्या दिवशी खडू हातात घेऊ नका.