कपाटातली युद्धनीती

साठीच्या आत-बाहेर सरकारी माणूस निवृत्त होतो. सरकारी कागदाला ती सोय नाही. 1962च्या चीन युद्धातल्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल 1963 साली तयार झाला, तेव्हापासून तो अखंड सेवेत, म्हणजे कपाटात आहे. 2010 साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितले की त्यातला मजकूर आजही लष्करी कारवाईच्या दृष्टीने मोलाचा आहे. असेलही. नामका चू नदीकाठच्या थंडीत सुती गणवेश, कॅनव्हासचे बूट आणि माणशी 50 गोळ्या देऊन जवान बसवायचे, ही युद्धनीती शत्रूला कळली तर तो हसून हसूनच मरेल. आपल्या त्या 50 गोळ्याही वाचतील.

इथून चिन्यांना हाकलणे जमणार नाही, असे 33व्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल उमराव सिंग यांनी रसद-दारूगोळ्याचा हिशेब मांडून वर कळवले. लढाईच्या तोंडावर एवढे गणित येणारा माणूस गैरसोयीचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते क्षेत्रच त्यांच्याकडून काढले, चौथी कोअर अशी नवी पाटी रंगवली आणि तिच्याखाली बी. एम. कौल यांना बसवले. कौलसाहेबांना ती उंची बाधली. ते दिल्लीला परतले आणि अंथरुणातून हुकूम सोडू लागले. 20 ऑक्टोबरला चिनी आले तेव्हा सातव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर जॉन दळवी मात्र नदीकाठीच होते. ते कैद झाले. सुटून आल्यावर त्यांनी सगळे लिहून काढले, तर सरकारने आधी पुस्तकावरच बंदी घातली.

चौकशीची आखणीही बघण्यासारखी. जवानांची शारीरिक तंदुरुस्ती तपासा, असे समितीला सांगितले होते. दिल्लीतल्या लष्करी मुख्यालयाची नाडी बघायचे काम तिच्याकडे नव्हते! हिमालयाच्या मदतीला धावलेल्या सह्याद्रीने, म्हणजे तेव्हाचे संरक्षणमंत्री, आपले यशवंतराव चव्हाण यांनी, सप्टेंबर 1963मध्ये लोकसभेत निष्कर्षांचे सार सांगितले. अहवाल मात्र ठेवला नाही. एरवी यशवंतरावांविरुद्ध आम्ही चकार शब्द ऐकून घेत नाही, पण हे त्यांच्याच खात्यावर लागते.

मार्च 2014मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने अहवालाचा बराच भाग इंटरनेटवर टाकला. तेव्हा विरोधी बाकांवरचे अरुण जेटली म्हणाले, जुने दस्तऐवज असे कायमचे दडवून ठेवू नयेत. जुलैत तेच संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेला कळवत होते, की अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही.

तेव्हा वाचकहो, अहवाल गोपनीय आहे. वाचायचाच असेल तर मोबाईलवर वाचा, फक्त सरकारला कळवू नका.