ठेवणीतली गाडी

सदाशिव पेठेत वस्तू दोनच प्रकारच्या: वापरायच्या आणि ठेवायच्या. चांदीची ताटं, जावयाने दुबईहून आणलेलं अत्तर, बाहेरच्या खोलीतला सोफा हे सगळं दुसऱ्या वर्गातलं. या वर्गात मोटारगाडीची भर घालणारी एक जमात नागनाथ पार ते पेरूगेट या टापूत आढळते. तिच्यातल्या एकाला आपण अण्णा म्हणू. पेठेत दर तिसऱ्या घरात एक अण्णा असल्यामुळे कोणी अंगावर ओढून घेणार नाही. घेतलंच, तर सगळेच घेतील.

अण्णांची गाडी म्हणजे फियाट पॅलिओ 1.6. 2001 साली ती बाजारात आली तेव्हा जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता आणि बॉनेटखाली 100 अश्वशक्ती. एवढ्याशा गाडीत एवढे घोडे म्हणजे त्या काळी चैनच. आणि घोडे पेट्रोलही घोड्यांसारखंच पीत. अण्णांनी ती बँकेच्या स्वेच्छानिवृत्तीच्या पैशातून घेतली. मायलेजचा हिशेब पहिल्याच महिन्यात लागला आणि अण्णांना साक्षात्कार झाला, की ही गाडी आपल्याला परवडते. फक्त चालवायची नाही.

पावसाळ्यात गाडी ठेवणं कोणीही समजून घेईल. अण्णा ती थंडीतही ठेवतात, कारण चिरंजीव म्युनिकला. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. उन्हाळी टायर सात अंशांखाली कडक पडतात. म्हणून शौकीन मंडळी आपल्या दमदार गाड्या हिवाळाभर झाकून ठेवतात. जर्मनीत तर 1997 पासून अशा गाड्यांना वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरती नंबरप्लेट मिळते. करही तेवढ्याच महिन्यांचा, विमाही तेवढ्याच महिन्यांचा. हे कळलं त्या दिवशी अण्णांना जर्मन राष्ट्राबद्दल जो आदर वाटला, तो मॅक्सम्युलरमुळेही वाटला नव्हता.

आता पुण्याच्या थंडीचा नीचांक म्हणजे जानेवारी 1935 मधला 1.7 अंश. तेव्हाही पाणी गोठायला थोडं बाकीच होतं. आणि कुमठेकर रस्त्यावर मीठ सांडलंच, तर ते पेरूच्या फोडींवरचं. पण अण्णांचं उत्तर तयार असतं. "पस्तीस साली एवढं उतरलं, तर यंदा उतरणार नाही कशावरून?"

तुळशीचं लग्न लागलं की कार्य सुरू होतं. आधी ऑइल बदलायचं, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल इंजिनाला बाधतं. मग टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत रिकामी जागा राहून पाणी धरत नाही. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. या विषयावर अण्णा वसंत व्याख्यानमालेचं एक पुष्प सहज गुंफू शकतील. उभ्या उभ्या टायर चपटे होऊ नयेत म्हणून हवा चार पौंड जास्त. ब्रेक चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक सोडून चाकाला वीट. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. सायलेन्सरच्या तोंडाला जाळी आणि बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या, कारण वाडा पाडून इमारत झाली तरी उंदीर मूळ भाडेकरू आहेत आणि वायरिंगवर हक्क सांगतात. प्लास्टिकखाली पत्र्याला घाम येतो, म्हणून वर काकूंची सुती लुगडी जोडून शिवलेली खोळ. खोळीवर पाटी: "ही गाडी बंद नाही. ठेवली आहे. विकायची का, असे विचारू नये."

यातल्या एकाही गोष्टीत मेकॅनिकला चूक काढता येत नाही. अडचण येते ती डिसेंबरात, काकूंना सवाईला जायचं असतं तेव्हा.

"अहो, आज तरी गाडी काढा की!"

"अगं, बॅटरी सोडवलीय!"

मग दोघं रिक्षाने मुकुंदनगरला जातात आणि रिक्षाचं भाडं अण्णा वहीत 'गाडीची देखभाल' या सदरात मांडतात.

महाशिवरात्रीनंतर खोळ निघते. पण तोवर ऊन तापतं आणि उन्हाने रंग उडतो. पुढे पाऊस. भाद्रपदात मांडव पडतात, रस्ते बंद. नवरात्र झालं, की थंडीची तयारी करायला हवीच. असं वर्ष कसं भरगच्च जातं.

मात्र पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते आणि त्यासाठी ती आरटीओपुढे उभी करणं भाग असतं. त्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून शंभर घोडे दुसऱ्या गिअरमध्ये हाकत नेतात. गेल्या खेपेला तिथल्या तरुण इन्स्पेक्टरने चकचकीत पत्र्यावरून नजर फिरवली, किलोमीटरचा आकडा दोनदा वाचला आणि अदबीने विचारलं, "आजोबा, गाडी चालते ना?"

"चालते की! पहिल्या सेल्फला उठते," अण्णा म्हणाले. "पण म्हणून काय चालवायची?"