पार्टी कधी?

लहानपणी वाढदिवस जवळ आला की लोक विचारायचे, "काय हवं तुला?" नोकरी लागली आणि प्रश्न बदलला. आता विचारतात, "पार्टी कधी?" माणूस सज्ञान झाला हे कायदा १८ व्या वर्षी मान्य करतो, समाज पहिला पगार होईपर्यंत थांबतो.

कायद्याचं तरी कुठे एकमत आहे? १८ ला मत देता येतं, २१ ला नगरसेवक होता येतं, २५ ला आमदार किंवा खासदार. मला सव्वीस पूर्ण झाली, म्हणजे विधानसभा मला मोकळी आहे. घरून मात्र अजून फोन येतो, निघताना गॅस बंद केलास ना? आणि आमच्या पनवेलचं बघा. इथली नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या जुन्यांतली. ती 'महा' झाली १ ऑक्टोबर २०१६ ला. मध्ये १६४ वर्षं गेली, पण "एवढी वर्षं काय करत होतीस?" असं तिला कुणी विचारलं नाही. मला मावशी दर वाढदिवसाला विचारते, आणि त्याला जोडूनच "यंदा कर्तव्य आहे का?" हेही.

खरा वाढदिवस इथे फ्लेक्सवरच्या दादांचा होतो. नाक्यावर पांढरा शर्ट, काळा गॉगल, कानाला मोबाइल, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे. एकविशीला नगरसेवक होता येतं म्हणून 'भावी' हे पद अठराव्या वर्षापासूनच घेता येतं. उच्च न्यायालय बेकायदा फलकांवरून वारंवार कान उपटतं, तलवारीने केक कापला तर पोलीस गुन्हा दाखल करतात, तरी दादांचा उत्साह कायम. माझा फ्लेक्स लागलाच तर शुभेच्छुक म्हणून आई, बाबा आणि बँक. रात्री बाराच्या ठोक्याला पहिला संदेश बँकेचाच असतो.

घरी माझे वाढदिवस दोन. २७ ऑगस्ट हा माझा, श्रावण वद्य प्रतिपदा हा आईचा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे आपल्या कॅलेंडरपेक्षा अकराएक दिवसांनी तोकडं. अधिक महिना घालून ते सावरतात. तिथी आणि तारीख पुन्हा जुळायला साधारण १९ वर्षं लागतात. माझी जुळली २०१८ मध्ये, आता पुढची गाठ अडतिशीला. तोवर दोन औक्षणं आणि दोन खिरी. या बाबतीत परंपरेविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

तिथीला आजी तीळ-गूळ घातलेलं दूध देते आणि मार्कंडेयाची व सात चिरंजीवांची आठवण काढायला लावते. त्या सातांत अश्वत्थामा पहिला. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत हिंडणारा माणूस वाढदिवसाला का आठवायचा, असं मी एकदा विचारलं. आजी म्हणाली, "दूध पी."

तारखेचं वेगळंच. २०२४ ला २७ ऑगस्टला दहीहंडी आली आणि २०२५ ला थेट गणेश चतुर्थी. त्या वर्षी अख्ख्या कोकणाने मोदक केले. ती मी माझीच पार्टी समजले. बिल कुणी मागितलं नाही, म्हणून तो माझा आजवरचा सर्वांत उत्तम वाढदिवस.

बाबांचा वाढदिवस १ जून. महाराष्ट्राच्या एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा असावा तसाच. शाळेत नाव घालताना जन्मतारीख विचारली की घरचे गप्प, मग जूनमध्ये वय बरोबर बसावं म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे. आजीला विचारलं तर ती सांगते, "लावणी उरकली नि हा झाला." हे सरकारी फॉर्ममध्ये बसत नाही. १ जूनला बाबांचा फोन शुभेच्छांनी भरून जातो आणि ते प्रत्येकाला आभाराचं उत्तर देतात, कारण समोरच्यालाही त्याच दिवशी शुभेच्छा द्यायच्या असतात. त्या दिवशी सगळेच यजमान आणि सगळेच पाहुणे, त्यामुळे कुणाचाच खर्च होत नाही. गुरुजींची दूरदृष्टी मला पगार सुरू झाल्यावर कळली.

महिन्याच्या २७ तारखेला जन्मणं म्हणजे पगार संपल्यावर जन्मणं. त्यात एकच दिलासा, तारीख बहुतेक वर्षी श्रावणात पडते आणि मित्रांपैकी निम्मे तेव्हा व्हेजवर असतात. उरलेले निम्मे त्यांची कसर भरून काढतात. एरवी पै-पैचा हिशेब लावून "वाटून घेऊ" म्हणणारी मंडळी त्या दिवशी बिलाकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक मैत्रीण वर्षभर डाएटवर असते, फक्त माझ्या वाढदिवसाला नसते. आताशा मंडळीही कमी झाली म्हणा. कुणी पुण्याला, कुणी बंगळूरला. विमानतळ आमच्या दाराशी आला, २५ डिसेंबर २०२५ पासून विमानंही उडू लागली. त्याच सुमारास काही मित्र विमानानेच जावं अशा अंतरावर गेले. ते रात्री व्हिडिओ कॉलवर गाणं म्हणतात, प्रत्येक जण अर्ध्या सेकंदाने मागे-पुढे. त्यांचं प्रेम खरं आहे आणि जेवणाचं बिलही येत नाही, तरी टेबलावर बसून माझे पैसे उडवणारा तोच कळप मला जास्त हवासा वाटतो. हे त्यांना सांगू नका.

वाढदिवस कसा करावा हे कळतं ते सकाळच्या सीएसएमटी लोकलच्या लेडीज डब्यात. गाडी पनवेलहून सुटते, त्यामुळे आम्हाला बसायला मिळतं. पनवेलमध्ये राहण्याचा हा रोजचा बोनस. वाढदिवस असेल तिला त्या दिवशी वाऱ्याच्या बाजूची खिडकी, वाद न घालता. ही खिडकी एरवी सख्ख्या बहिणीलाही कुणी देत नाही. केक कापायचा वाशी सुटल्यावर, कारण मानखुर्द येईपर्यंत मध्ये खाडी आहे आणि खाडीवर कुणी चढत नाही. मेणबत्ती पेटवायची नाही. खारघरच्या काकू म्हणतात, "पेटली असं समजून फुंक," आणि मी फुंकते. मग पिशव्यांतून डबे निघतात. एकीचा ढोकळा, एकीच्या शंकरपाळ्या, ज्यांना पहाटे उठणं जमलं नाही त्यांची वेफर्सची पाकिटं. केक वर्गणीतून. पार्टी कधी, हे तिथे कुणीच विचारत नाही. मानखुर्दला गर्दी आत घुसते तोवर डबे पिशव्यांत परत गेलेले असतात, आणि माझे शून्य रुपये खर्च झालेले असतात.

माझं मत पक्कं झालंय. ज्याचा वाढदिवस त्याने खर्च करायचा ही पद्धत चूक आहे आणि लेडीज डब्यातली बरोबर. तेव्हा तुमच्या ओळखीत पंचविशीच्या आसपासच्या कुणाचा वाढदिवस असेल, आणि तारीख वीसच्या पुढची असेल, तर पार्टी कधी असं विचारू नका. कुठे जेवायचं ते विचारा, आणि बिल तुम्ही भरा.