खजिनदार

गृहनिर्माण सोसायटीत चेअरमन निवडून येतात, सेक्रेटरी कुणीच तयार नसल्यामुळे सापडतात, आणि खजिनदार असतातच. ते बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. 2000 साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा बँकांची किती माणसं कमी झाली हे कुठेतरी नोंदलेलं असेल. सोसायट्यांना किती खजिनदार मिळाले याचा हिशेब कुणी ठेवलाय असं दिसत नाही. कुणी ठेवला असलाच, तर तो एखाद्या खजिनदारांनीच.

आमचे खजिनदार डोंबिवलीचे, पण ठाण्यात, कोथरूडात, नाशिकला थोड्याफार फरकानं हेच मिळतील. खिशात दोन पेनं, निळं आणि लाल. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर विश्वास नाही, कारण ‘त्यात मध्येच फोन येतो’. कागद नेहमी पाठकोरा. रक्कम कितीही असो, ती आधी छत्तीसनं भागायची (आमच्याकडे सदनिका छत्तीस), मग तीनशे पासष्टनं. दर घरी दर दिवशी किती पैसे, हे कळेपर्यंत त्यांना कुठलीही वस्तू स्वस्त किंवा महाग वाटत नाही. नुसती संशयास्पद वाटते.

मध्यंतरी सोसायटीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बदलायचा विषय निघाला. जुना डीव्हीआर जिन्याखालच्या कपाटात, पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरशेजारी, धुळीची गोधडी पांघरून बसलेला. त्याच्या आतली गोळीएवढी बॅटरी मेल्यामुळे वीज गेली की तारीख थेट 1 जानेवारी 2000 वर जायची. खजिनदारांची त्याबद्दल तक्रार नव्हती. ते वर्ष त्यांना आवडतं. पुढे ती बॅटरी त्यांनी स्वतःच कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून आणून बसवली आणि चाळीस रुपयांचं व्हाउचर फाइलला लावलं, चेअरमनच्या सहीनिशी.

पण खरा घोटाळा झाला दुधाच्या पिशवीवरून. चौथ्या मजल्यावरच्या काकूंची अर्ध्या लिटरची पिशवी दारातून गेली. कॅमेऱ्यात बघा, म्हणाल्या. खजिनदार म्हणाले, असं कुणी सांगितलं म्हणून फुटेज उघडता येत नाही, कमिटीपुढे विषय यायला हवा. उपविधींप्रमाणे कमिटीच्या बैठकीला तीन पूर्ण दिवसांची नोटीस लागते. नोटीस निघाली, बैठक भरली, चहा झाला, डीव्हीआर उघडला. पिशवीची सकाळ गायब.

दुसरा कुणी वैतागला असता. खजिनदारांनी पाठकोरा कागद ओढला. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट धरला तर दिवसाला 43 जीबी. आठ कॅमेऱ्यांचे 345. आपली डिस्क एक टीबीची, म्हणजे तीन दिवसांनाही जरा कमीच. ती भरली की यंत्र सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितं. कमिटी कायदेशीररीत्या जमेपर्यंत पुरावा तितक्याच कायदेशीररीत्या पुसला जातो. हे सांगताना त्यांचा चेहरा चोर सापडल्यासारखा उजळला होता. त्याच बैठकीत त्यांनी नव्या यंत्राची कसोटी ठरवून टाकली: प्रकरण वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत गेलं तर नोटीस चौदा पूर्ण दिवसांची, तेव्हा डिस्क पंधरा दिवस पुरली पाहिजे. साठवणुकीचं माप उपविधींवरून काढणारा दुसरा माणूस भारतात असेल असं मला वाटत नाही.

तीन कोटेशनं मागवली. तिसरं कोटेशन नेहमीच पहिल्याच्या मेव्हण्याचं असतं, हे खजिनदारांना ठाऊक आहे, पण फाइलला तीन लागतात. एक तरणा मुलगा टॅबलेट घेऊन आला आणि म्हणाला, “काका, डीव्हीआर कशाला? क्लाउड घ्या. दर कॅमेऱ्याला महिन्याला दोनशे, बाकी काही टेन्शन नाही.”

“आठ कॅमेरे. वर्षाचे 19,200. त्यावर जीएसटी अठरा टक्के. 22,656,” खजिनदार म्हणाले. कॅल्क्युलेटर अजून चष्म्याच्या डब्याखालीच होता. “आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी परत तेवढेच, काका.”

“आणि नाही भरले तर?”

“मग रेकॉर्डिंग दिसणार नाही.”

एवढा वेळ शांत असलेला माणूस इथे पेटला. कारण ज्या पिढीनं घराचा शेवटचा हप्ता फेडून पेढे वाटले, तिला संपतच नाही असा हप्ता समजत नाही. “म्हणजे चोरी आमच्याकडे, चोर आमचा, कॅमेरा आमचा, आणि बघायचं भाडं तुला?” मुलानं टॅबलेट मिटला. खजिनदारांनी मात्र त्याला बसवून ठेवलं आणि मुदतठेवीचं गणित मांडलं. सात टक्क्यांनी वर्षाला 22,656 व्याज सुटायचं तर सव्वातीन लाख अडकवून ठेवायला हवेत. वर ज्येष्ठ नागरिकांचा जादा अर्धा टक्का सोसायटीला मिळत नाही, मग छत्तीसपैकी तीस घरांत ज्येष्ठच का राहत असेनात! ही शेवटची सल जुनी आहे. डीव्हीआरशी तिचा संबंध नव्हता, पण ती निघाल्याशिवाय कुठलीच बैठक पुरी होत नाही.

मग आला देखभालीचा करार. दोन प्रकार: साधा आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह. खजिनदारांनी कॉम्प्रिहेन्सिव्हच्या अटींची यादी लाल पेनानं वाचली. हार्डडिस्क वगळून. ॲडॉप्टर वगळून. वीज पडल्यास वगळून. उंदरानं कुरतडलेली वायर वगळून.

“मग यात येतं काय?”

“आम्ही येतो ना, काका.”

हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी तसंच्या तसं इतिवृत्तात लिहिलं.

दुसऱ्या व्हेंडरनं भाव वाढवले होते आणि कारण दिलं सरकारी चाचणीचं. खजिनदार त्याचीच वाट बघत होते. 2025 च्या एप्रिलपासून सीसीटीव्ही कॅमेरे सुरक्षेच्या चाचण्यांतून पार पडल्याशिवाय विकता येत नाहीत, हे त्यांनी छापून, पंच करून, फाइलला लावलेलं होतं. “नियम कॅमेऱ्यांना आहे. मी कॅमेरे घेतच नाहीये. मग डब्याचा भाव का चढला?” व्हेंडर म्हणाला, बघतो. बघतो म्हणणारा माणूस दोन हजार सोडतो, हा त्यांचा बँकेतला अनुभव. सोडले.

शेवटी ठरलं ते असं: एच.265 चा डीव्हीआर, म्हणजे तेच चित्र साधारण निम्म्या जागेत. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला 173 जीबी. दोन टीबीत साडेअकरा दिवस, नोटिशीला कमी. चार टीबीत तेवीस. तीन टीबी पुरली असती आणि जास्तीच्या टीबीचे पैसे मोजताना खजिनदारांचा जीव वरखाली झाला. पण सभा तहकूब झाली तर पंधरावरचे ते आठ दिवस कामाला येतील असं त्यांनीच स्वतःला समजावलं. क्लाउड नाही. करार साधा. दर घरी दर दिवशी किती पडतात, ते नोटीसबोर्डावर तीन दशांश स्थळांपर्यंत लागलं.

बचत झाली का? मला नाही वाटत. या खरेदीसाठी झालेल्या बैठकांचा चहाच जमेला धरला तर मेव्हण्याचं कोटेशन पहिल्याच दिवशी डोळे मिटून घ्यायला हरकत नव्हती. पण असं त्यांना सुचवून बघा. ते म्हणतील, चहा वेगळ्या शीर्षाखाली जातो.

यंत्र लागलं. मॉनिटर ऑफिसात, खजिनदारांच्या खुर्चीसमोर. दुधाची पिशवी पुन्हा कुणी चोरली नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बघण्यासारखं काही घडलंच नाही, आणि चार टीबी फुकट वापरली जातेय या विचारानं ते बेचैन झाले. मग एके रात्रीचं रेकॉर्डिंग त्यांनी दुप्पट वेगानं पुरं पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर निळ्या शाईत नोटीस होती, रक्कम लाल शाईत:

“दुसऱ्या मजल्यावरील जिन्याचा दिवा (9 वॅट) रात्री 11.40 ते पहाटे 5.10 विनाकारण चालू होता. खर्च सुमारे 50 पैसे. शेवटी वर गेलेल्या सभासदांच्या पुढील बिलात समाविष्ट. हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे. फुटेज उपलब्ध आहे.”